दृश्य, आभास आणि वस्तुतत्त्व : एका जर्मन भेदाचा मराठींतील इतिहास

(१)

'दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं सहज असते. तींत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. दिसणें निराळें व असणें निराळें, ही पहिली. आणि दिसण्यावर जो विसंबतो तो फसतो, ही दुसरी. कान्टपासून हेगेलपर्यंतच्या जर्मन तत्त्वज्ञानाचा मोठा भाग या दोन गोष्टींच्या तपासणींतच खर्ची पडला आहे असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. कान्टनें पहिली गोष्ट मान्य केली व दुसरी नाकारली. हेगेलनें पहिलीचीच फेरतपासणी केली. मराठी वाचकास मात्र हा विषय बहुधा निराळ्या वाटेनें भेटला, आणि त्या वाटेवर या दोन्ही गोष्टी पुन्हां एकमेकींत मिसळल्या. ती वाट कोणती, ती कोणाकोणाच्या हातून गेली व तीवर काय गळून पडलें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत हा विषय कां, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर असें कीं, विचारांनाही वंशावळी असतात, आणि त्या लावण्याची रीत सनदा व पत्रें यांच्याच रीतीसारखी आहे. एक मत दुसऱ्या मताशीं जुळतें एवढ्यावरून दोन स्वतंत्र साक्षीदार मिळाले असें होत नाहीं. एकानें दुसऱ्याचें ऐकलें होतें काय, हें आधीं पाहावें लागतें. वेदान्त आणि जर्मन तत्त्वज्ञान यांच्या साम्याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे, पण ही साधी चौकशी तितक्या कसोशीनें झालेली दिसत नाहीं.

आम्ही हें घाटंजीस बसून लिहीत आहों. यवतमाळ जिल्ह्यास टिळकांच्या नांवाचा जुना लळा आहे. याच जिल्ह्यांतील वणीचे लोकनायक माधव श्रीहरि अणे यांनीं टिळकांचें चरित्र 'श्रीतिलकयशोऽर्णवः' या नांवानें संस्कृत पद्यांत लिहिलें, व १९७३ सालीं, म्हणजे अणे वारल्यावर पांच वर्षांनीं, त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. अशा प्रदेशांतील वाचकास कान्टचें नांव प्रथम भेटतें तें बहुतेक गीतारहस्याच्याच पानांत. तेव्हां आरंभ तेथूनच करणें सोयीचें.

(२)

गीतारहस्याचा पहिला मसुदा मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत तयार झाला. जून १९१४ मध्यें टिळक सुटून आले, आणि १९१५ सालीं ग्रंथ छापून निघाला. तुरुंगांत असतांना टिळकांनीं जर्मन भाषेचाही अभ्यास केला होता. ग्रंथाचें नववें प्रकरण 'अध्यात्म' या नांवाचें असून त्यांत नामरूपात्मक जग व त्याच्या बुडाशीं असलेलें नित्य तत्त्व यांचा विचार चालला असतां टिळक कान्टकडे वळतात. कान्ट ज्यास 'डिंग आन झिश' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'स्वतःच्या ठायीं असलेली वस्तु', त्यास त्यांनीं 'वस्तुतत्त्व' हा प्रतिशब्द योजिला. त्या वस्तूचें जें बाह्य दर्शन, ज्यास कान्टचा शब्द 'एर्शायनुंग' असा आहे, तें त्यांनीं वेदान्तांतील नामरूपाच्या जोडीस बसविलें. कान्टच्या मतें वस्तुतत्त्व अज्ञेय आहे, ही गोष्ट त्यांनीं प्रामाणिकपणें नोंदली. पण ते तेथें थांबले नाहींत. जें इंद्रियांस अगम्य तेंच आत्मरूपानें अनुभवास येतें, हा उपनिषदांचा सिद्धान्त त्यांनीं पुढें मांडला, आणि इंग्लंडांतील ग्रीन या तत्त्वज्ञाचा विचारही या दिशेस झुकतो असें दाखविलें.

'वस्तुतत्त्व' हा शब्द इतका नीटस उतरला कीं तो मराठींत रुजला. परंतु भाषांतराचा शब्द रुजला म्हणजे मूळ शब्दाच्या सर्व सीमा त्याबरोबर येतात असें नाहीं. टिळकांनीं बसविलेली ही जोडी कोठपर्यंत टिकते, हें पाहण्यासाठीं कान्टचें म्हणणें त्याच्याच क्रमानें समजून घेतलें पाहिजे.

(३)

कान्टचा 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' हा ग्रंथ १७८१ सालीं प्रसिद्ध झाला व त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ति १७८७ सालीं निघाली. त्यांतील मुख्य विधान थोडक्यांत असें सांगतां येईल. आपणांस जें जें कळतें तें स्थळ व काळ यांच्या चौकटींतून कळतें. ही चौकट वस्तूंकडून आलेली नाहीं. ती आपल्या ग्रहणशक्तीची आहे. तसेंच कार्य व कारण, द्रव्य व गुण या ज्या कल्पनांनीं आपण अनुभव जुळवितों, त्याही आपल्या बुद्धीच्याच आहेत. म्हणून आपणांस कळणारें जग हें या चौकटींत उतरलेलें जग होय. तेंच दृश्य. चौकटीस वगळून वस्तु कशी आहे, हा प्रश्न विचारतां येतो. त्याचें उत्तर मात्र मिळवितां येत नाहीं.

येथें एक चूक फार सहज होते. 'कळणारें जग दृश्य आहे' हें ऐकतांच 'तर मग तें खोटें आहे' असें आपण मनांतल्या मनांत जोडून देतों. कान्टच्या काळच्या जर्मन वाचकांनींही हेंच केलें. १७८२ सालीं गोटिंगेन येथील एका पत्रांत त्याच्या ग्रंथाचें जें परीक्षण आलें त्यांत, जगाला निव्वळ कल्पना ठरविणाऱ्या बर्कलेच्या पंक्तीस त्याला बसविण्यांत आलें. कान्ट फार संतापला. १७८३ च्या आपल्या लहान ग्रंथांत त्यानें या आरोपास उत्तर दिलें, आणि १७८७ च्या आवृत्तींत स्वतंत्र भाग घालून सांगितलें कीं, आपण ज्यास 'एर्शायनुंग' म्हणतों तो 'शाइन' नव्हे.

हे दोन जर्मन शब्द एकाच धातूपासून निघाले आहेत, आणि त्यांतच सर्व घोटाळ्याचें मूळ आहे. दोहोंतील अंतर आपल्याकडील उदाहरणानें स्पष्ट होईल. वैशाखाच्या दुपारीं यवतमाळच्या माळावर पाणी चकाकतांना दिसतें. जवळ गेल्यावर पाणी नसतें. हा 'शाइन', म्हणजे आभास. पण ज्या तापलेल्या जमिनीमुळें व हवेच्या ज्या थरांमुळें प्रकाशकिरण वांकले, ती जमीन व ते थर मोजतां येतात, त्यांचा नियम सांगतां येतो, आणि कोणीही कधींही मोजलें तरी तोच नियम हातीं लागतो. हें 'एर्शायनुंग', म्हणजे दृश्य. मृगजळ खोटें ठरलें तें या दृश्य जगाच्याच नियमांनीं ठरलें. ज्या जगाच्या आधारानें आपण आभास पकडतों त्या जगालाच आभास म्हटलें, तर खरें-खोटें ठरविण्याचें मापच हातचें गेलें.

कान्टनें स्वतः इंद्रधनुष्याचें उदाहरण घेतलें आहे. इंद्रधनुष्य हें दिसणें आणि पावसाचे थेंब ही खरी वस्तु, असें आपण व्यवहारांत म्हणतों, व व्यवहारापुरतें तें बरोबरच आहे. परंतु त्याच्या मतें थेंबही, त्यांचा गोल आकारही, आणि ज्या अवकाशांतून ते पडतात तो अवकाशही दृश्यच होय. म्हणजे दृश्याच्या आंतच वरवरचें व खोलचें असा भेद असतो. शास्त्रज्ञ कितीही खोल गेला तरी तो दृश्यांतच खोल जातो. दृश्याच्या पलीकडे जात नाहीं. यांत शास्त्राचा अपमान नाहीं. उलट, न्यूटनच्या नियमांस निश्चितता कशामुळें आली याचा पाया घालावा म्हणूनच कान्टनें ही मांडणी केली होती.

(४)

आतां वेदान्ताची कसोटी पाहूं. वेदान्तांत सत्य म्हणजे त्रिकालाबाधित. जें तिन्ही काळीं टिकतें तें सत् आणि जें बदलतें तें मिथ्या. गीतारहस्यांत सोनें व दागिने यांचा परिचित दाखला आहे. घाटंजीच्या बाजारांत तोच दाखला कापसाचा देतां येईल. कापसाचें सूत होतें, सुताचें कापड होतें, कापडाचा सदरा होतो, सदरा फाटून चिंधी होते. नांवें व रूपें पालटलीं, कापूस तोच. नामरूपें गेलीं तरी जें उरतें तें तत्त्व, ही विचाराची दिशा.

कान्टची कसोटी ही नाहीं. त्याच्या मतें 'बदलांतून टिकणारें द्रव्य' ही कल्पना बुद्धीनें अनुभव जुळविण्यासाठीं लावलेली कल्पना आहे. बदल कळावा यासाठींच आपण कांहीं तरी टिकाऊ मानतों. म्हणून दागिना जितका दृश्य तितकेंच सोनेंही दृश्य. सदरा जितका दृश्य तितकाच कापूसही. टिकाऊपणाच्या वाटेनें कितीही चाललें तरी कान्टच्या वस्तुतत्त्वाशीं आपण पोंचत नाहीं, कारण टिकणें म्हणजे काळांत टिकणें, आणि काळ तर आपल्याच चौकटींतला.

तेव्हां दोन्हीकडे दोन पायऱ्या आहेत म्हणून त्या पायऱ्या एकच आहेत असें ठरत नाहीं. वेदान्त विचारतो, 'काय टिकतें?' कान्ट विचारतो, 'जाणणाऱ्यास वगळून काय उरतें?' पहिल्या प्रश्नाचें उत्तर वेदान्तांत मिळतें, आणि तें आत्मस्वरूप आहे. दुसऱ्याचें उत्तर कान्टजवळ नाहीं, व तें नसणें हाच त्याचा सिद्धान्त आहे. यावरून टिळकांस कान्ट समजला नाहीं असा अर्थ कोणी घेऊं नये. आपला मार्ग कान्टपुढें जातो हें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, 'वस्तुतत्त्व' या एका शब्दांत दोन निराळे प्रश्न शेजारीं येऊन बसले.

(५)

ते शेजारीं आणण्याचें काम टिळकांच्याही आधीं झालें होतें, आणि त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

१६५७ सालीं शाहजादा दारा शुकोह यानें काशीच्या पंडितांच्या साहाय्यानें पन्नास उपनिषदांचें फारसी भाषांतर सिद्ध केलें व त्यास 'सिर्र-इ-अकबर', म्हणजे 'थोर रहस्य', असें नांव दिलें. पुढें आंकेतिल द्यूपेराँ या फ्रेंच विद्वानानें या फारसीवरून लॅटिन भाषांतर केलें. तें १८०१-०२ सालीं स्ट्रासबुर्ग येथें दोन भागांत छापलें गेलें. संस्कृताची फारसी, फारसीची लॅटिन असा हा दुहेरी उतारा १८१४ सालीं शोपेनहौर या तरुण जर्मन तत्त्वज्ञाच्या हातीं पडला. त्याचा मुख्य ग्रंथ १८१८ च्या अखेरीस निघाला. कान्ट, प्लेटो व उपनिषदें यांचें ऋण त्यानें त्यांत उघड मान्य केलें, आणि कान्टचें दृश्य जग म्हणजेच भारतीयांची माया, असें समीकरण तो पुन्हां पुन्हां मांडूं लागला.

त्यानें एवढ्यावर भागविलें नाहीं. कान्टला अज्ञेय असलेलें वस्तुतत्त्व आपणांस आंतून, स्वतःच्या इच्छाशक्तीच्या रूपानें कळतें, असेंही तो म्हणाला. बाहेरून अगम्य तें आंतून गम्य, ही मांडणी उपनिषदांच्या किती जवळ आहे हें सांगावयास नकोच. मात्र ज्यानें उपनिषदें वाचूनच लिहिलें, त्याचें लिहिणें उपनिषदांशीं जुळलें यांत नवल तें काय?

शोपेनहौरचा निष्ठावंत अनुयायी पॉल डॉयसन. त्यानें १८७७ सालीं तत्त्वज्ञानाच्या मूलतत्त्वांवर एक ग्रंथ लिहिला, १८८३ सालीं वेदान्तदर्शनावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि पुढें हिंदुस्थानचा प्रवास केला. ता. २५ फेब्रुवारी १८९३ रोजीं मुंबईस रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढें त्याचें व्याख्यान झालें. वेदान्ताचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाशीं संबंध हा त्याचा विषय होता. जें वेदान्तानें अनुभवानें सांगितलें त्यास कान्टनें शास्त्रीय प्रमाण दिलें, असा त्याचा अभिप्राय होता. पारतंत्र्याच्या त्या दिवसांत एका थोर जर्मन पंडितानें हें सांगितलें, तेव्हां ऐकणारांस केवढें समाधान वाटलें असेल याची कल्पना करतां येते. पुढें टिळकांनीं गीतारहस्यांत डॉयसनच्या ग्रंथांचा आधार घेतला.

आतां ही साखळी एकत्र पाहावी : काशी व दिल्ली १६५७, स्ट्रासबुर्ग १८०१, शोपेनहौर १८१४, मुंबई १८९३, मंडाले १९१०. मुंबईस जो कान्ट उतरला तो शोपेनहौरच्या घरून आलेला कान्ट होता, आणि शोपेनहौरच्या घरीं उपनिषदें आधींच येऊन राहिलीं होतीं. आपलाच माल परदेशीं जाऊन, तेथील माल त्यांत मिसळून परत आला, आणि आपण त्यास दुसऱ्या देशाची स्वतंत्र साक्ष म्हटलें.

मूळ कान्टची गोष्ट निराळी. त्याचा ग्रंथ १७८१ चा. विल्किन्सचें गीतेचें इंग्रजी भाषांतर १७८५ चें व लॅटिन उपनिषदें १८०१ चीं. तेव्हां त्याची साक्ष खरोखर स्वतंत्र आहे. परंतु वर दाखविल्याप्रमाणें ती मर्यादित आहे. एकंदर निष्कर्ष असा कीं, जेथें साम्य पुष्कळ आहे तेथें तें स्वतंत्र नाहीं, आणि जेथें तें स्वतंत्र आहे तेथें पुष्कळ नाहीं. या निष्कर्षानें वेदान्ताचें मोल कमी होत नाहीं. वेदान्ताला कान्टच्या शिफारशीची गरज नव्हती, व नाहीं.

(६)

जर्मनींत कान्टच्या मांडणीवर पहिला मोठा घाव याकोबीनें १७८७ सालीं घातला. वस्तुतत्त्व मानल्यावांचून कान्टच्या दर्शनांत शिरतां येत नाहीं, आणि तें मानून त्यांत राहतां येत नाहीं, असा त्याच्या आक्षेपाचा आशय होता. कार्यकारणभाव दृश्यापुरताच असेल तर दृश्यामागच्या वस्तूनें आपल्या इंद्रियांवर परिणाम केला, असें तरी कसें म्हणावें? फिख्टेनें १७९४ मध्यें ही मागची वस्तूच काढून टाकली व सर्व कांहीं 'अहं'च्या व्यापारांतून उलगडूं पाहिलें. शेलिंगनें १८०० मध्यें निसर्ग व जाणीव यांस एकाच मुळाच्या दोन बाजू मानलें. या दोघांचा विस्तार येथें करण्याचें कारण नाहीं. आमच्या विषयास खरें वळण मिळालें तें हेगेलच्या तर्कशास्त्रांत. त्याचा दुसरा भाग १८१३ सालीं निघाला, आणि त्या भागाचा विषयच 'वेझेन', म्हणजे वस्तूचें मूळ स्वरूप, हा आहे.

हेगेलचा मुद्दा साध्या शब्दांत असा. जें मूळ स्वरूप कधीं प्रकटच होत नाहीं, त्याविषयीं 'तें आहे' असें म्हणण्यांत काय उरतें? एखादा मनुष्य मनानें शूर आहे, पण त्याचें शौर्य आजवर एकाही कृतींत उतरलेलें नाहीं, असें कोणी म्हटल्यास आपण हंसूं. शौर्य कृतींच्या मागें दडून बसलेली दुसरी वस्तु नव्हे; तें कृतींतूनच असतें. त्याचप्रमाणें स्वरूपानें दृश्य व्हावें हाच त्याचा धर्म आहे, आणि दृश्य म्हणजे स्वरूपावरील पडदा नसून स्वरूपाचेंच प्रकट होणें आहे.

तथापि हेगेलनें आभासास हद्दपार केलें नाहीं. त्याच्या या भागाच्या रचनेंत तीन पायऱ्या दिसतात. आरंभीं 'शाइन' येतो; वरवरचें, निराधार दिसणें. पुढें 'एर्शायनुंग', नियमानें बांधलेलें, आधार असलेलें दिसणें. शेवटीं वास्तवता, जेथें आंत व बाहेर हा भेदच मावळतो. म्हणजे म्हण सांगते तसें दिसतें तसें नसतें हें खरें. पण तें पहिल्याच पायरीपुरतें खरें. तेथेंच थांबणारा फसतो.

शब्दांकडे पाहिल्यास येथें एक मौज आहे. 'वेझेन' या शब्दाचा जर्मन 'असणें' क्रियापदाच्या भूतकालवाचक रूपाशीं संबंध आहे, हें हेगेलनेंच दाखवून दिलें आणि त्यावरून, स्वरूप म्हणजे जणूं होऊन गेलेलें असणें, असा अर्थ काढला. आपल्या भाषेंत हें समजावयास जड जाऊं नये. 'भूत' या आपल्या शब्दाचा अर्थ 'होऊन गेलेलें' असाही आहे आणि 'असलेला पदार्थ' असाही आहे. भूतकाळ आणि पंचमहाभूतें यांत शब्द एकच. शिवाय भाषाशास्त्रज्ञांच्या मतें 'वेझेन' ज्या मूळ धातूपासून आला त्याचेंच संस्कृत रूप 'वस्', म्हणजे राहणें. आणि 'वस्तु' हा शब्दही याच 'वस्'पासून निघाला. टिळकांनीं कान्टच्या 'डिंग'साठीं जो शब्द घेतला तो व्युत्पत्तीनें हेगेलच्या 'वेझेन'चा सख्खा भाऊबंद निघावा, हा योगायोगच म्हटला पाहिजे. व्युत्पत्तीवरून सिद्धान्त ठरत नाहींत हें आम्ही जाणतों.

(७)

हेगेलचा गीतेशीं प्रत्यक्ष संबंध आला होता ही गोष्ट आपल्याकडे कमी ठाऊक आहे. १८२३ सालीं आ. वि. श्लेगेल यानें बॉन येथें गीतेची संस्कृत संहिता लॅटिन भाषांतरासह छापली. १८२५-२६ मध्यें विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यानें बर्लिनच्या अकादमीपुढें गीतेवर व्याख्यानें दिलीं, आणि १८२७ सालीं हेगेलनें त्या व्याख्यानांचें विस्तृत परीक्षण लिहिलें. 'योग' या शब्दास युरोपीय भाषांत प्रतिशब्द कोणता, यावरून तेथें वाद माजला होता, व हेगेलनेंही त्यांत भाग घेतला. आपण 'एर्शायनुंग'शीं जसे झगडतों तसे ते 'योगा'शीं झगडत होते.

हेगेलला संस्कृत येत नव्हतें, आणि त्याचा गीतेवरील निकाल कठोर आहे. ज्या ब्रह्मांत सर्व भेद विरून जातात तें त्याच्या मतें रिकामें आहे. अशा ब्रह्माकडे डोळे लावणाऱ्यास जगांतील कर्तव्याचा आशय कोठून मिळणार, असा त्याचा आक्षेप. स्वरूप निराकार मानलें कीं आकाराच्या जगांतील कर्म निरर्थक होतें, असा हा एकूण युक्तिवाद आहे.

हा आक्षेप वाचल्यावर गीतारहस्याचा खरा प्रयत्न अधिक स्पष्ट दिसतो. टिळकांनीं ग्रंथ लिहिला तो हेगेलला उत्तर म्हणून नव्हे. त्यांच्या डोळ्यांपुढें संन्यासपर टीकाकार होते. परंतु प्रश्न तोच होता : जग माया असेल तर कर्म कां करावें? मिथ्या याचा अर्थ 'डोळ्यांस दिसत नाहीं' किंवा 'मुळींच नाहीं' असा नव्हे, तर 'कायम टिकणारें नाहीं' एवढाच, असें टिळक बजावतात. पुढील 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' या प्रकरणांत हें नामरूपात्मक जग कर्माच्या नियमांनीं बांधलेलें असून देहधाऱ्यास त्यांतून पळ काढतां येत नाहीं, हें ते विस्तारानें सांगतात. म्हणजे कर्मयोग उभा करण्यासाठीं टिळकांस माया ही 'शाइन' नव्हे, 'एर्शायनुंग' आहे, असेंच प्रतिपादावें लागलें. जर्मनींत कान्टनें बर्कलेशीं आपली गल्लत होऊं नये म्हणून जी रेघ ओढली, तीच रेघ टिळकांनीं कर्मसंन्यासापासून दूर राहण्यासाठीं ओढली. कसोट्या निराळ्या असूनही दोघांची गरज येथें एक होती. आणि हें साम्य शोपेनहौरच्या द्वारें आलेलें नाहीं, कारण शोपेनहौरचा कल तर इच्छेच्या निरोधाकडे, म्हणजे निवृत्तीकडे होता. आमच्या मतें गीतारहस्याचें जर्मन विचाराशीं असलेलें खरें नातें येथें शोधावें. शब्दांच्या जोडींत नव्हे.

(८)

'स्वरूप प्रकट होणें हाच स्वरूपाचा धर्म' या हेगेलच्या विचारास मराठींत जुनी जोड हवी असेल तर ती ज्ञानेश्वरांच्या अनुभवामृतांत सांपडते. लोकांत हा ग्रंथ अमृतानुभव या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचें सातवें प्रकरण अज्ञानाच्या खंडनास वाहिलेलें आहे. ब्रह्मावर अज्ञानाचा पडदा आहे व म्हणून जग दिसतें, ही उपपत्ति ज्ञानेश्वर तेथें एकेक अंगानें तपासून खोडतात; दिसणारें जग म्हणजे त्या एकाच वस्तूचें आपणच आपणांस पाहणें, असें त्यांचें प्रतिपादन आहे. शांकरमताशीं याचा मेळ कसा घालावा याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, व त्यांत आम्ही शिरत नाहीं. तेराव्या शतकांतील हा मराठी ग्रंथ कोणा जर्मन तत्त्वज्ञानें पाहिलेला नव्हता. तेव्हां येथील साम्य निःसंशय स्वतंत्र आहे. अंतरही तितकेंच ठळक आहे. हेगेलचें स्वरूप विरोधांतून, निषेधांतून व इतिहासाच्या कष्टांतून प्रकट होतें. ज्ञानेश्वरांच्या वस्तूस प्रकट होण्यासाठीं कांहीं घडावें लागत नाहीं.

या प्रश्नाचा शास्त्रोक्त अभ्यास ज्या ठिकाणीं झाला त्यांत खानदेशांतील अमळनेरचा उल्लेख केलाच पाहिजे. तेथें श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यानें १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झालें. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनीं कांहीं काळ तेथें संचालकपद भूषविलें. तेथील मलकानी, रासबिहारी दास व मूर्ति या तिघांनीं मिळून १९३३ सालीं 'अज्ञान' या नांवाचा इंग्रजी ग्रंथ काढला. त्यांत प्रत्येकानें आपापली बाजू स्वतंत्रपणें मांडली आहे. पुढें दास यांनीं १९४९ सालीं कान्टच्या ग्रंथावर अभ्यासकांसाठीं मार्गदर्शक पुस्तक लिहिलें, आणि मूर्तींनीं १९५५ च्या आपल्या ग्रंथांत बौद्ध माध्यमिक दर्शनाची कान्टशीं तुलना केली. कापसाच्या व गिरण्यांच्या गांवीं असें मंदिर उभें राहावें, ही महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासांतील मोठी गोष्ट आहे.

(९)

शेवटीं, या भेदाचा इतिहाससंशोधकास उपयोग काय? आम्हांस तो फार मोठा वाटतो. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढें भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक मनुष्य प्रकट झाला. १७७६ सालीं कोंकणांत त्याच्यामागें फौज जमली, किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि त्याच सालीं पुण्याच्या कारभाऱ्यांनीं त्याची चौकशी करून त्यास मृत्युदंड दिला. तो तोतया हा आभास. त्याच्या मागें भाऊ नव्हतेच.

पण पानिपताविषयीं जीं पत्रें, बखरी व परक्यांच्या लेखण्या उपलब्ध आहेत, त्यांची गोष्ट अशी नाहीं. कोणी छावणींतून पाहिलें, कोणी शत्रूच्या गोटांतून, कोणी वर्षांनंतर आठवून लिहिलें. प्रत्येकांत पाहणाऱ्याची चौकट आहे, म्हणून प्रत्येक लेख दृश्य आहे. पण तो आभास नाहीं. जो संशोधक चौकट दिसतांच कागद खोटा म्हणून टाकतो, तो दृश्यास आभास समजतो. जो कागद जुना म्हणून त्यांतील अक्षर न् अक्षर प्रत्यक्ष घटना मानतो, तो दृश्यासच वस्तुतत्त्व समजतो. आणि 'खरी घटना कोणासच कळणें शक्य नाहीं' असें म्हणून जो हात झाडतो, त्यानें या सर्व दृश्यांच्या मागें एक निराळी, कधींच न दिसणारी घटना कल्पिली आहे. त्याला हेगेलचा प्रश्न विचारावा, कीं ज्या घटनेचा एकही ठसा कोठें उमटला नाहीं ती घटना कोणती? तोतया ओळखला गेला तोही साक्षी, खुणा व कागद एकमेकांशीं ताडून, म्हणजे दृश्यांच्याच बळावर.

एवढ्या विवेचनावरून मराठी लेखकांपुढें आम्ही एक सूचना ठेवितों. 'शाइन' यास आभास म्हणावें व हा शब्द दुसऱ्या कशासही लावूं नये. 'एर्शायनुंग' यास दृश्य म्हणावें. 'डिंग आन झिश' यास टिळकांचा 'वस्तुतत्त्व' हा शब्द कायम ठेवावा, मात्र तो कान्टपुरताच. 'वेझेन' यास स्वरूप म्हणावें. त्या शब्दांत 'रूप' आहे, आणि जें आपलें असून रूपानें प्रकटतें तें स्वरूप, हा हेगेलचा अभिप्राय त्यांत आयताच आला आहे. गीतारहस्याच्या पूर्वीं मराठी ग्रंथांत व मासिकांत पाश्चात्त्य विचार सांगतांना हे शब्द कोणीं कोणत्या अर्थानें योजिले, त्यांचे उतारे वर्षवारीनें एकत्र झाल्यास या इतिहासाचा पुढील भाग लिहितां येईल. ज्या वाचकांच्या संग्रहीं तशीं जुनीं पुस्तकें व मासिकांच्या फायली असतील त्यांनीं तीं या दृष्टीनें चाळून पाहावीं व जें आढळेल तें याच त्रैमासिकांतून प्रसिद्ध करावें, अशी आमची विनंति आहे.